बी राखलेला झिंगा

एरवी या सदरात दर आठवड्याला एखाद्या शब्दाची विचारपूस चालते. दिवाळी अंकात संपादक सढळ हाताने जागा देतात, तेव्हा या खेपेला शब्दाबरोबर त्याच्या पोटातली वस्तूही शिजवून दाखवावी, असा बेत आहे. शाकाहारी वाचकांनी रुसू नये. त्यांच्यासाठी थोडे निखारे शेवटी राखून ठेवले आहेत.

शब्द आहे 'सस्टेनेबल'. तो आमच्या घरात पुण्याहून टेलिफोनच्या वाटेने आला. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरू लागतात. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. मुंबई-पुण्याला गेलेली मुलेही मंडईला म्हणून गावाकडे वळतात. पुतण्या म्हणाला, "काका, या वर्षी अंगणात बार्बेक्यू करू. लॉबस्टर मी घेऊन येतो. काळजी करू नका, सस्टेनेबल आहे." काळजी मला लॉबस्टरची नव्हती. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन आहे. बर्फाच्या पेटीत घातले तर इथे काहीही उतरते. काळजी वाटली ती त्या विशेषणाची.

मराठीत त्याला 'शाश्वत' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. सरकारी कागदांत शाश्वत शेती असते, शाश्वत विकास असतो, शाश्वत मासेमारीही असते. आत्म्यासाठी राखून ठेवलेला हा शब्द माशाला लावताना माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला जरा अवघडल्यासारखे होते. जे तासाभरात पोटात जायचे, ते शाश्वत कसले? 'टिकाऊ' म्हणावे, तर चपलांची आठवण येते. पण ज्या कल्पनेसाठी आपण कोश धुंडाळतो ती शेतकऱ्याच्या घरी केव्हाचीच आहे. धान झोडून झाले की आधी पुढच्या सालाचे बियाणे बाजूला काढायचे, मग खायचे आणि विकायचे. अमक्याने बी खाल्ले, असे म्हटले की त्या घराची दशा वेगळी सांगावी लागत नाही. तेव्हा पुतण्याच्या वाक्याचे माझे भाषांतर असे : "काका, मी बी राखलेला शेवंड आणतो."

आता शेवंडाचे बी खरोखर राखले जाते का, ते पाहू.

कोकणातले लोक ज्याला शेवंड म्हणतात तोच आपला लॉबस्टर. विलायती चित्रांत दिसणाऱ्या लॉबस्टरासारख्या जाड नांग्या त्याला नसतात. त्या जागी लांब, काटेरी मिशा असतात. खडकांच्या कपारीत राहणारा, रात्री हिंडणारा हा जीव. मादी अंडी पोटाखाली बाळगते. अंड्यांतून निघालेली पिले इतकी नाजूक आणि त्यांचे तरंगते बालपण इतके महिनोन्महिने लांबणारे, की कोळंबीसारखे शेवंडाचे बी टाक्यांत उबवून तळ्यांत वाढवणे आपल्याकडे अद्याप रुळलेले नाही. म्हणजे ताटातला शेवंड बहुधा समुद्रातून ओढलेलाच असतो. त्याचे बी राखायचे तर दोनच उपाय : लहान धरू नये आणि अंडीवाली धरू नये. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. २००३ साली केंद्र सरकारने शेवंडाच्या निर्यातीला किमान वजनेही ठरवून दिली. आपल्या किनाऱ्यावरच्या चिखलातल्या शेवंडासाठी ते ३०० ग्रॅम आहे. नियम चांगला आहे. पण तो निर्यातीचा आहे. तीनशे ग्रॅमांच्या आतला शेवंड परदेशी जाऊ शकत नाही, म्हणून तो मुंबईच्या एखाद्या हॉटेलातही जात नाही, असे म्हणता येईल काय?

भीती उगाच नाही. मुंबईच्या पाण्यात शेवंडाचाच एक चपटा भाऊबंद असे. वाळूत रुतून बसणारा, चपलेसारख्या आकाराचा. सत्तरीच्या दशकापासून ट्रॉलरांनी तो भरभरून आणला. अंडीवाल्या माद्याही त्यांत येत आणि विकल्या जात. १९९४ पर्यंत त्याची मासेमारी पार बुडाली. समुद्र आटला नव्हता, जाळी तुटली नव्हती. बी संपले होते. पुण्याच्या दुकानात बर्फावर निजलेल्या शेवंडाकडे पाहून, त्याच्या गावी कोणी बी राखले की नाही, हे माझ्या पुतण्याला कळणार कसे? पेटीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा, एवढेच.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याचे दारिद्र्यही नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांच्या वर जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. उतार कुठे आहे, पाळ कुठे घालायची, सांडवा कुठून काढायचा, हे त्यांना नकाशावाचून कळे. नवेगाव बांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळ्याने बांधला, असे परंपरा सांगते. डोंगरांच्या ओंजळीत धरलेले ते पाणी कै. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून पुण्यामुंबईच्या वाचकांनाही ओळखीचे झाले आहे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारांबद्दल हळहळण्याचे मला कारण नाही. पण पूर्वी गाव मिळून गाळ काढीत असे, तो काढायचा कोणी, याचे उत्तर मात्र त्या कायद्यात राहून गेले. तलावांना 'माजी मालगुजारी' हे नाव चिकटले. एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखे : मान आहे, पण विचारपूस कोणी करीत नाही.

या तलावांत झिंगे होतात. किनाऱ्यावरचा माणूस ज्याला कोळंबी म्हणेल, त्याला आम्ही झिंगा म्हणतो, आणि आमचा झिंगा गोड्या पाण्यातला. त्याच्या दोन जाती वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात, कारण सगळी गोम तिथेच आहे.

एक मोठा झिंगा. निळ्या, लांबलचक नांग्यांचा, वीतभर लांबीचा. शेगडीवर ठेवला की लॉबस्टरची हौस खुशाल भागवतो. काही तलावांत याचे बी आणून सोडले गेले आहे. पण हा प्राणी वाढतो गोड्या पाण्यात आणि त्याचे बाळपण जाते मचूळ पाण्यात. अंड्यांतून निघालेल्या पिलांना काही आठवडे खाडीसारखे मिठाचे पाणी लागतेच. हे कोडे १९६०च्या सुमारास मलायात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने सोडवले. गोड्या पाण्यात त्याची पिले मरत, थोडे मीठ असलेल्या पाण्यात जगत. त्यानंतरच जगभर या झिंग्याची शेती करता आली. आमच्या तलावातली मादी अंडी धरील, पिलेही निघतील; पण ती समुद्राला पोचणार कशी? वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करीत बंगालच्या उपसागरापर्यंत जायचे, वाटेत बंधारे आणि धरणे, आणि पुन्हा उलट्या प्रवाहाने वर यायचे. तेव्हा मोठ्या झिंग्याचे बी दर साली विकत आणावे लागते. घरचे बियाणे न राहता दुकानच्या पिशवीवर आलेल्या शेतकऱ्याची ही गत. झिंगा वाईट नाही. मिळकतही बरी होते. ज्या वर्षी संस्थेच्या हाती पैसा नाही, त्या वर्षी मात्र तलावात मोठा झिंगा नाही.

दुसरा लहान झिंगा. बोटाच्या दोन पेरांएवढा, काचेसारखा पारदर्शक. बाजारात ढिगाने मिळतो, वाळवून वर्षभर पुरतो, वांग्यांत पडतो, अंबाडीच्या भाजीत पडतो, आणि पाहुण्यांसमोर ठेवायला आमच्याकडच्या सुशिक्षित गृहिणी जरा लाजतात. पण बी राखण्याच्या बाबतीत हाच खरा कुळवंत. त्याला समुद्र लागत नाही. तळ्यातच जन्म, तळ्यातच संसार. त्याच्या बियाण्याला कोणाला दमडी मोजावी लागत नाही.

अट एकच. त्याच्या पिलांना लपायला पाण्याखालचे रान हवे.

आणि इथे गोष्ट स्वयंपाकघराबाहेर जाते. तिला माझा इलाज नाही. जुन्या तलावांत काठाला देवधान डोलत असे आणि पाण्याखाली गवतासारख्या वनस्पतींची दाटी असे. मासोळ्या तिथे अंडी घालीत, झिंग्याची पिले तिथे वाढत. मग उत्पन्न वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचे बी आले. मागून गवत खाणारा चिनी मासाही आला. तो नावाप्रमाणे गवत खातो आणि तळ साफ करून ठेवतो. काठांवर बेशरम माजली. झाडाला असे नाव ठेवणारा माणूस भाषेचा खरा जाणकार असला पाहिजे. कितीही उपटा, पुन्हा हसत उभी. गाळ साचला, शेतांतली औषधे वाहून आली. पाणी दिसायला तेवढेच, पण आतले घर मोडले. तलावावर पोट असलेल्या ढिवरांना हे सगळ्यांच्या आधी कळले, कारण त्यांच्या टोपलीतले वाण कमी झाले.

अर्जुनी मोरगावच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि ढिवर समाजाच्या सहकारी संस्था यांनी मिळून जे काम केले आहे, ते मला फार शहाणपणाचे वाटते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट काढायची, तळाची जमीन नांगरायची आणि पाऊस पडल्यावर पाणवनस्पतींची रोपे त्या चिखलात लावायची. हो, लावायची, धानाचे रोवणे करतात तशी. कामात बाया पुढे. चिखलात वाकून रोवणे त्यांना नवे नाही. कोणत्या झाडाखाली कोणती मासोळी राहते, हे सांगायला त्यांना प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज पडली नाही. उलट शास्त्र शिकलेल्यांनीच त्यांच्याकडून ते लिहून घेतले. वनस्पती परतल्या तशा गावठी मासोळ्याही परतू लागल्या.

आमच्या बाजारातल्या एका मासोळीवालीला मी विचारले, "मावशी, हे झिंगे कुठल्या तलावाचे?"

ती म्हणाली, "काहून जी सर? झिंगे खाता का तलाव खाता?"

मी म्हटले, "दोन्ही."

तिने गावाचे नाव सांगितले आणि न विचारता पुढचेही सांगितले : त्यांच्या संस्थेने बारीक जाळे बंद केले आहे. "मच्छरदानीने धराले लागले त पुढच्या साली काय धरसान?" बी राखण्याची याहून नेटकी व्याख्या मला कोणत्याही अहवालात आढळली नाही. शेजारच्या पाटीत आंध्रातून बर्फात आलेला रोहू होता, गुबगुबीत आणि स्वस्त. लोक तोच घेत होते. तिच्या झिंग्यांचा भाव चढा होता. दोघी-तिघी गृहिणी घासाघीस करून निघून गेल्या. तलाव नांगरण्याची मजुरी त्या भावात धरलेली असते, हे पाटीवर लिहिलेले नसते.

म्हणून गिऱ्हाइकाने एवढे तरी करावे : तलावाचे नाव विचारावे. पावसाळ्यात पोटाखाली अंड्यांचा घोस असलेले झिंगे दिसले तर ते घेऊ नयेत, आणि का घेत नाही ते मोठ्याने सांगावे. दिवाळीपर्यंत तलाव भरलेले आणि झिंगे पोसलेले असतात. खायचा मोसम हाच.

आता शेगडी. 'बार्बेक्यू' या शब्दाने पुष्कळ घरांत उगाच धाक बसवला आहे. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी काठ्यांची उंच चौकट करून तिच्यावर मांस-मासे धुरावत, तिला 'बार्बाकोआ' म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला आणि इंग्रजांनी त्याला इस्त्री केली. म्हणजे मूळ वस्तू काठ्यांची ताटी. झाडीत भाजण्याला 'भुंजणे' म्हणतात, आणि भुंजलेल्या मासोळीला पोलादी यंत्र लागत नाही. चार विटा आणि एक लोखंडी जाळी पुरे. कोळसा बाभळीचा घ्यावा. रंग दिलेले जुने फळकूट मुळीच जाळू नये. त्याचा धूर विषारी. ज्वाळा बसू द्याव्या आणि निखाऱ्यांवर राखाडी साय आली की मगच जाळी ठेवावी. उतावळ्या माणसाचा झिंगा बाहेर काळा आणि आत कच्चा निघतो.

मोठा झिंगा त्याच दिवसाचा हवा. गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या डोक्यात पाचक रस असतात. तो मेल्यावर तसाच ठेवला तर तेच रस त्याचे मांस सैल करून टाकतात, आणि पाण्याचा कण न घालताही लगदा होतो. म्हणून घरी न्यायला वेळ असेल तर बाजारातच डोके वेगळे करून घ्यावे आणि बर्फ मागून घ्यावा. पण डोके टाकू मात्र नका. पाठीवरून उभी चीर देऊन काळा दोरा काढावा. सालपट राहू द्यावे. आले-लसणाचे वाटण, हळद, तिखट, मीठ आणि जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल चोळून पाऊण तास ठेवावे. लिंबू आधी पिळू नये. आंबटात मांस घट्ट होते. ते ताटात.

सालीची बाजू खाली करून चार मिनिटे, मग उलटून मिनिट-दोन मिनिटे. साल लाल होते, कारण लाल रंग तिच्यात पहिल्यापासूनच असतो, फक्त प्रथिनाने बांधलेला. आचेने बंध सुटतो. पण रंगावर जाऊ नये, वळणावर जावे. घड्याळापेक्षा देवनागरी बरी : झिंगा 'ट'सारखा वाकला की उतरवावा. 'ठ' झाला, दोन्ही टोके मिळाली, की चिवट झालाच म्हणून समजा. वर्गात ही खूण सांगितली तेव्हा मागच्या बाकांवरचीही वही उघडली.

लहान झिंगा जाळीतून निसटतो. त्याला पळसाचे पान. दिवाळीत पळस भरगच्च असतो. मिशा आणि टोके खुडून झिंगे तीन पाण्यांत धुवावे. बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि कच्चे तेल घालून कालवावे. तिखट जपून, नाहीतर झिंग्याची गोडी लपते. दुहेरी पानांत मूठ-मूठ बांधून पुडे थेट निखाऱ्यांच्या कडेला ठेवावे आणि एकदा परतावे. बाहेरचे पान करपले आणि आतून वाफेचा वास आला की झाले. दहा-बारा मिनिटे फार तर. पुडा ताटातच सोडावा. सोबत नव्या धानाचा भात असला तर दुसरे काही लागत नाही. पुतण्याला मी हेच कळवले आहे. त्याने विचारले, "पण काका, ह्याला लॉबस्टर म्हणायचे?" मी म्हटले, झिंगा म्हण, उच्चार सोपा आहे.

राखून ठेवलेली मोठ्या झिंग्यांची डोकी तेलात परतून, ठेचून, पाण्यात उकळून गाळावी. त्या पाण्यात खोबरे-कांद्याचे वाटण घातले की रस्सा होतो. जेवायला आठ माणसे असतील तर मोठे झिंगे आठच आणावे आणि बाकी भूक पानांतल्या पुड्यांवर भागवावी. खिशालाही ते सोयीचे.

आणि निखारे. जेवणे आटोपेपर्यंत ते मंद धगधगत असतात. त्यांत तेलाचा हात लावलेली चार वांगी पुरावीत, वर राख लोटावी आणि पाहुण्यांशी गप्पा मारत बसावे. अर्ध्या तासाने वांगी काढून सोलावी, कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जवसाची चटणी घालून कुसकरावी. मासोळीची जाळी आधी उचलून दूर ठेवायला विसरू नका, कारण आमच्या घरी भरीत खाणाऱ्यांचे नाक फार तीक्ष्ण आहे.